झोपलेल्या गल्लीतला पहिला खो

थंडी अंगाला जाणवायला लागली की सुरतेच्या आमच्या डिंडोलीत रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे येऊन बसतात. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पांढरा दोरा ताणतात आणि रंगाने भरलेली मूठ त्यावरून फिरवत सावकाश चालत राहतात. संध्याकाळपर्यंत दोरा गुलाबी, त्यांचे हात गुलाबी, रस्त्यावरची धूळसुद्धा गुलाबी होते. माझं मॅचिंगचं दुकान समोरच आहे. फॉल, अस्तर, ब्लाउजपीस घ्यायला येणाऱ्या बायका त्या दोऱ्याखालून वाकून येतात आणि आल्या आल्या तक्रार करतात. तक्रार दोऱ्याबद्दल नसते, माझ्याबद्दल असते.

"बेन, जरा धीमे बोलो ने. हूं बहेरी नथी," परवा एक गुजराती बाई म्हणाल्या.

त्या बहिऱ्या नाहीत हे मला दिसत होतं. मी हसले, आवाज खाली आणला, आणि पुढच्याच वाक्याला तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. हा आवाज मला जन्मतः मिळालेला नाही. तो मी एका हिवाळ्यात कमावला, आणि कमावताना जेवढी घाबरले तेवढी पुढे लग्नात अंतरपाटामागेही घाबरले नाही. म्हणून मांजाच्या रंगाचा तो ओला वास आला की माझं मन दुकानात थांबत नाही. ते नवागामच्या आमच्या गल्लीत जातं, आणि तिथेही चपला काढून, दबक्या पावलांनीच जातं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धुळे, शिंदखेडा, अमळनेर अशा गावांहून निघालेली माणसं ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला यायची आणि नवागामात एकेका खोलीत संसार मांडायची. घरातली पुरुष माणसं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जायची. कारखान्याला आम्ही खातं म्हणायचो. अर्धी गल्ली दिवसपाळीला, अर्धी रातपाळीला. त्यामुळे भर दिवसा गल्लीतले निम्मे पुरुष झोपलेले असायचे.

दिवसा झोपलेली गल्ली कशी असते ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. खिडक्यांना जुन्या साड्यांचे दुहेरी पडदे. साडी हिरवी असेल तर आतलं ऊन हिरवं, जांभळी असेल तर जांभळं. आमच्या खिडकीला आईची विटकरी साडी होती, त्यामुळे माझं लहानपण सगळं विटकरी उजेडात गेलं. ज्या घरात माणूस झोपलेलं असेल त्या दाराच्या कडीला त्याचा गमछा बांधलेला असायचा. तो दिसला की भाजीवाला हाक गिळून टाकायचा. मुलं गोट्या फरशीवर न खेळता मातीत खेळायची. नळावरची भांडणंसुद्धा आमच्याकडे कुजबुजत व्हायची. दोन बाया दातओठ खात एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असायच्या, आणि चार हातांवर उभ्या माणसाला वाटावं, चांगल्या गप्पा चालल्यात.

गंमत म्हणजे गल्लीच्या पाठीमागेच एक खातं होतं आणि ते रात्रंदिवस चालू असायचं. खटखट खटखट, भिंतींतून, जमिनीतून, पेल्यातल्या पाण्यातून. पण तो आवाज आमच्या हिशेबी आवाज नव्हताच. जशी हवा तसा तो. माणसाने तोंड उघडलं की मात्र आवाज झाला.

"आस्ते व, आबा जपेल शेतस," आई म्हणायची. आमच्या अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. ओठावर बोट ठेवलेली आई हेच तिचं चित्र माझ्या मनात आधी उमटतं.

या शांततेला एक कारण होतं आणि ते सगळ्या मुलांना पाठ होतं. शेजारचे भिका काका. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं लूमने नेली होती. कुणाच्या तरी लग्नाचा बॅन्ड दिवसभर गल्लीत वाजला, काकांना झोप मिळाली नाही, आणि रात्री पाळीवर डुलकी लागून हात मशीनमध्ये गेला, अशी ती कथा. कुणी मूल मोठ्याने हसलं की आया नुसतं भिका काकांच्या दाराकडे बघायच्या. आवाज म्हणजे बापाची बोटं, इतकं सरळ गणित होतं. मी आबांच्या बोटांकडे रोज बघायची. संध्याकाळी ते उठून चहा घ्यायला बसले, केसांत सुताचे पांढरे तंतू, आणि कपाभोवती सगळी बोटं जागेवर दिसली की माझा दिवस पार पडला असं मला वाटायचं.

आता अशा गल्लीतल्या मुलींनी खो-खो खेळायचा.

आमच्या मराठी शाळेत तायडे बाई खेळ शिकवायच्या. मूळच्या भुसावळकडच्या. यजमान रेल्वेत, म्हणून त्या सुरतेला आलेल्या. सडसडीत, पायात कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर कमरेला असा खोचलेला की जणू त्याच धावणार आहेत. त्यांनी उभा केलेला मुलींचा संघ पायांनी वाऱ्यासारखा होता. गल्लीत आवाज न करता पळायची सवय असल्यामुळे आम्ही वळायचो कुठे, निसटायचो कशा, हे समोरच्यांना कळायचं नाही. तरी दरवर्षी आम्ही पहिल्याच सामन्यात हरून परत यायचो. हरण्याची पद्धतही ठरलेली. पहिल्या डावात आम्ही धुळीला मिळायचो आणि नंतर इतकं सुंदर खेळायचो की पंचसुद्धा हळहळायचे.

खो-खोत पाठलाग करणारी बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात मारते आणि "खो" म्हणते. ते मोठ्याने, स्पष्ट म्हणावं लागतं. नाहीतर फाऊल. शिट्टी वाजते, धावणारीला उलट दिशेला वळावं लागतं, आणि तोवर समोरच्या संघातली मुलगी पार पलीकडच्या खांबाला पोचलेली असते. सुरुवातीला आमच्या संघात एकीचाही खो ऐकू जायचा नाही. हात पाठीवर पडायचा, ओठ हलायचे, आवाज घशातच राहायचा. "बेटा, अवाज संभळायो नथी," पंच पुन्हा पुन्हा सांगायचे. खेळता खेळता अंग तापायचं, घाम यायचा, आपण कुठे आहोत याचा विसर पडायचा, आणि मग कधीतरी घसे उघडायचे. तोवर पहिला डाव गेलेला असायचा. पहिला डाव गेला की उरलेल्या खेळात माणूस फक्त फेडत बसतो.

पाठलाग सुरू करणारी मुलगी मीच होते. म्हणजे सामन्यातला पहिला खो माझा. पहिला फाऊलही बहुतेक माझाच.

त्या वर्षी हेडसरांनी बाईंना बोलावून सांगितलं आणि बाईंनी ते आमच्यापासून लपवलं नाही. "पोरींनो, यंदा पहिल्या सामन्यात परत आलो तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ नाही. मैदान मुलांना." एवढं सांगून त्या बुटांच्या नाड्या बांधत बसल्या. आमची कप्तान मंगल रडायला लागली, तेही अर्थात बिनआवाजाचं. मला रडू आलं नाही. खेळ गेला तर माझ्या दुपारांचं काय होणार ते मला स्वच्छ दिसत होतं. घराघरात साड्यांचे गठ्ठे यायचे, मागचे लोंबते धागे कातरीने कापायला. विटकरी उजेडात, आईशेजारी, कातरी चालवत बसलेली मी मला दिसली. मला ते नको होतं. मला मैदान हवं होतं. दुसऱ्या डावात, घसा मोकळा झाल्यावर, मी जी कुणी होते ती मला फार आवडायची.

बाईंनी काय काय केलं नाही. सामन्याआधी धावायला लावलं, अंग तापवलं, गूळ-शेंगदाणे खाऊ घातले. नाणेफेकीनंतर कोण कुठे बसेल त्याच्या जागा बदलल्या. सरावाच्या सामन्यात फरक शून्य. शिट्टी वाजली की आम्ही पुन्हा झोपलेल्या माणसाच्या उशाशी उभ्या असल्यासारख्या.

मग एका दुपारी बाई आमच्या घरी आल्या. सकाळी लवकर सरावाला सोडा, एवढं आईला विचारायचं होतं. मी शाळेतून त्यांच्याबरोबरच आले. गल्लीत शिरताना त्या नेहमीच्या आवाजात मंगलबद्दल काहीतरी सांगत होत्या. दोन-चार दारं गेली, कडीचे गमछे दिसले, जांभळे-हिरवे पडदे हलले. आमच्या दाराशी येईपर्यंत त्यांचा आवाज खाली खाली येत गेला होता.

"सुमनची आई, आहात का?" त्यांनी विचारलं, पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

आईने ओठावर बोट ठेवून त्यांना आत घेतलं. आबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. बाई आणि आई पितळी पेल्यांतला चहा समोर ठेवून कुजबुजत राहिल्या. सकाळचं काय, सुमी किती वाजता येईल, बरोबर कोण असेल. आणि मध्येच एका वाक्यात बाई थांबल्या. त्यांनी आमच्या पडद्याकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, मी का कुजबुजते आहे?" त्या कुजबुजल्या.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांनी आम्हाला गोल बसवलं. "तुमच्या पायांना मी उगाच छळलं," त्या म्हणाल्या. "पाय जागे आहेत. तुमचा घसा झोपलेला असतो, आणि तो सामन्यात जाऊन उठतो. त्याला आधी उठवायचं. घरूनच जागा करून न्यायचा."

कसा, ते त्यांनाही त्या वेळी ठाऊक नसावं. पण डोकं चालवलं. सकाळच्या धुक्यात त्या आम्हाला उधन्याच्या रस्त्याला एका मोठ्या खात्याच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेल्या. भिंत थरथरत होती. हात टेकला तर खांद्यापर्यंत मुंग्या यायच्या. "इथे ओरडा," त्या आमच्या कानाशी येऊन म्हणाल्या. "कुणाला ऐकू जाणार नाही. मग लाजायचं कुणाला?" आम्ही ओरडलो. आपलं आपल्याला ऐकू येईना. तोंडं उघडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाजाचा पत्ता नाही. मंगलला हसू फुटलं, मग मला. आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडं टाकून हसले, पण ऐकू आलं कुणाला.

मग रेल्वेचा नंबर लागला. फाटकाजवळ उभं राहायचं आणि मालगाडी जात असताना खो द्यायचा. डबे संपत नसत, दव पडलेले, एकसारखे तपकिरी. गाडीच्या आवाजात आवाज मिसळायला अवघड जात नव्हतं. अवघड होतं ते शेवटी. गार्डचा डबा निघून जायचा, त्याचा लाल दिवा धुक्यात विरायचा, आणि बाईंचा हुकूम असायचा की त्यानंतरही थांबायचं नाही. गाडी गेली तरी खो चालूच. पहिल्या दिवशी गाडीबरोबर आमचे आवाजही गेले. मग हळूहळू एखादी टिकायला लागली. रिकाम्या रुळांवर आपलाच आवाज एकटा उभा राहिलेला ऐकणं हे मोठं विचित्र सुख होतं. मी अजूनही फाटकाजवळ थांबले की मालगाडी जाईपर्यंत ओठ मिटून घेते, नाहीतर काही खरं नाही.

परतताना बाई कधीकधी पोंक घ्यायच्या. सुरतेचे लोक ज्याला पोंक म्हणतात तो आमचा हुरडाच, फक्त इथे तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. गरम हिरवे दाणे तळहातावर, तोंडातून वाफा, घसे बसलेले. त्या वेळी कुणी विचारलं असतं की जिंकायचं कशासाठी, तर हातातल्या दाण्यांकडे बोट दाखवलं असतं.

पण आवाज एकदा उठला की त्याला दाराबाहेर ठेवता येत नाही, हे बाईंना सुचलं नव्हतं. एका दुपारी जेवताना मी नुसतं "मीठ दे" म्हटलं. माझ्या मते हळूच. भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या आबांनी कूस बदलली. आईने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

"तुन्हा खेळ गल्लीना बाहेर ठेव," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "तेसना हातले काही झायं, ते मी तुले कायमनी घरमा बसाडसू."

ती रागावली असती तर मी सोसलं असतं. ती घाबरली होती. त्या संध्याकाळी आबा पाळीला निघाले तेव्हा मी त्यांच्या हातात डबा दिला आणि बोटांकडे बघत राहिले. सकाळी ते परत येईपर्यंत मला वाटत होतं की आपण मीठ मागायला नको होतं. खेळ हवा आणि आबांची बोटंही हवीत. दोन्ही कसं मिळायचं, ते कुणाला विचारायची सोय नव्हती.

सामन्याची सकाळ उजाडली ती दाट धुक्याची. आबा पाळीवरून आले, अंघोळ केली, भाकरी खाल्ली आणि झोपले. आईने कडीला गमछा बांधला. मी गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा बाईंनी सगळ्यांना रांगेत उभं केलं होतं.

"सामना मैदानावर सुरू होत नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता, इथून सुरू झाला. मागचीने पुढचीच्या पाठीवर खो द्यायचा, पुढची धावत रांगेच्या तोंडाला जाणार. वाटेत खातं आलं की सगळ्यांनी मिळून."

आम्ही निघालो, गल्ली मागे पडेपर्यंत खो दबकेच. पहिल्या खात्याच्या दाराशी एक लूमवाला चहा पीत उभा होता. आमचा खो ऐकून, खरं तर पाहून, त्याने कप वर केला. दुसऱ्या खात्याशी आमचा आवाज बरा लागला. उधन्याकडे जायचा रस्ता वळून आमच्या गल्लीच्या पाठीमागून जातो. तिथे ते रात्रंदिवस चालणारं खातं. त्याच्या खटखटीत आपला आवाज बुडून जाईल, गल्लीत पोचणार नाही, असा मी मनाशी हिशेब केला होता. माझी पाळी आली. मी मंगलच्या पाठीवर हात टाकला, छाती भरून श्वास घेतला, आणि त्याच क्षणी लाईट गेली.

लूम एकदम थांबत नाहीत. एकेक करून गळून पडतात. खटखट विरळ झाली, मग थकली, मग संपली. आणि त्या शांततेत माझा खो निघाला.

मी तो अडवू शकले नाही. तो धुक्यातून वर गेला, पत्र्यांवरून गेला, मला वाटतं गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. इतका मोठा आवाज नवागामात कुणी काढलेला मी ऐकला नव्हता, आणि तो माझा होता.

मग दारं उघडायला लागली. मागच्या बोळात एकेक गमछा सुटला, एकेक पुरुष बनियनमध्ये, डोळे चोळत बाहेर आला. भिका काका आले. आबा आले. मी सगळी गल्ली उठवली होती. सगळ्यांची बोटं एकदम. मंगल माझा हात ओढत होती आणि मी हलत नव्हते.

आबा जवळ आले. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची त्यांना सवय होती, तसे ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"आबा, मन्हा आवाजघाई तुम्ही उठनात," मी म्हणाले.

"काय म्हनस? मोठा बोल."

मी मोठ्याने बोलले. सगळ्यांदेखत, रडत.

आबांना आधी कळेचना. मग ते हसले. "तुन्हा आवाज? नही व पोरी. खातं बंद पडनं, म्हनीसन जाग उनी." त्यांनी मागच्या मुक्या भिंतीकडे हात केला. "खातं चालू ऱ्हायनं ते मन्हा उशाशी ढोल वाजाडा, मी उठस नही."

"आणि भिका काका?" मी विचारलं. "लग्नाच्या बॅन्डनं..."

"भिका?" आबा काकांकडे वळले. "तो ते दिवसभर वरातमा नाचत व्हता."

भिका काकांनी दोन बोटं नसलेला हात डोक्यामागे नेला आणि ते धुक्याकडे बघायला लागले.

मला त्या क्षणी काय वाटलं ते मी आजवर नीट सांगू शकलेले नाही. सगळं लहानपण आम्ही ज्यासाठी तोंड मिटून काढलं, ते तसं नव्हतंच. आमचे बाप आवाजाने उठत नव्हते. शांततेने उठत होते.

लाईट येईपर्यंत कुणाला झोप येणार नव्हती. तेव्हा गल्लीतले ते सगळे पुरुष, बनियनवर शाली गुंडाळून, आमच्या मागोमाग मैदानावर आले. बाईंनी त्यांना ओळीने उभं केलं, पोरांना करतात तसंच.

समोरच्या संघाला आमची जुनी खोड माहीत होती. त्यांनी नाणेफेक जिंकली आणि आम्हाला पाठलाग दिला. त्यांच्या तीन मुली आत आल्या, हसत, जरा आळसावलेल्या. मी खांबाशी उभी राहिले. गवतावर दव होतं. शिट्टी वाजली. मी धावले, मंगलच्या पाठीवर हात टाकला आणि म्हटलं, "खो."

पंचांनी शिट्टी तोंडाला लावलीच होती. सवयीने. ती तशीच खाली आली. समोरची मुलगी आवाजानेच दचकली आणि दोन पावलं चुकीच्या बाजूला गेली. मंगलने तिला तिथेच टिपलं. मग खो मागून खो, कातरीसारखा कडकडीत. त्या तीन मुली बाहेर जाऊन दुसऱ्या तीन आल्या तरी आमचं अंग तापायचंच होतं. पहिला डाव आमचा झाला. उरलेला खेळ आम्हाला नेहमीच येत होता.

पुढच्या सामन्यात रांदेरच्या मुलींनी आम्हाला हरवलं, चांगलं हरवलं. त्यांची सुरुवात आमच्यापेक्षा जबरदस्त होती. पण संघ राहिला. मी शाळा सोडली त्यानंतरही राहिला.

त्या संध्याकाळी आबा पाळीला गेल्यावर मी आईसमोर बसले. ती साडीचे धागे कापत होती.

"तुले माहीत व्हतं?" मी विचारलं. "आबा आमना आवाजघाई उठतस नही, हाई?"

"माहीत व्हतं."

"मंग आमले कसाले गप बसाडं?"

तिने धागा हातावर गुंडाळला, सोडला. "रातभर त्या गोंगाटमा उभा ऱ्हातस," ती म्हणाली. "आपन तेस्ले दुसरं काय देतूत?"

मला राग आला. खूप वर्षं तो गेला नाही. अख्ख्या गल्लीच्या लेकरांची तोंडं बंद करून दिलेली ती भेट ज्याला दिली त्याला कधी पोचलीच नव्हती. मनगटावर बांगडी रुतली तेव्हा तिच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खरं होतं. तिला माहीत होतं, तरी ती घाबरत होती. आता माझ्याच घरात माणसं आहेत, आणि ज्यांना द्यायला आपल्याजवळ काही नसतं त्यांच्यासाठी बाईमाणूस काय काय करून बसतं ते मला कळतं. आई गेली. तिच्यावरचा राग कधी निवला ते लक्षातही आलं नाही.

नवागामच्या पाठीमागचं खातं केव्हाच बंद झालं. मशीनं पलसाण्याकडे गेली असं म्हणतात. आबा माझ्याकडे राहतात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. काचेच्या खिडक्या, जाड भिंती, लिफ्टचासुद्धा आवाज येत नाही. लोक अशा शांततेसाठी पैसे मोजतात. आबांना तिथे दुपारची झोप लागत नाही. आयुष्यभर दिवसा झोपलेला माणूस, दुपार झाली की या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो. बोटं सगळी जागेवर आहेत. कान जवळजवळ गेलेत.

जेवायला मी दुकान बंद करून घरी येते. ते पलंगाच्या कडेला माझ्यासाठी जागा करतात.

"बोल काही," ते म्हणतात. "मोठा बोल."

मग मी बोलते. कोणत्या बाईने कोणत्या रंगाचं अस्तर नेलं, कोण परत करायला आली, मांजावाल्यांनी दुकानाच्या खांबाला कसा दोरा बांधला, सगळं ओरडून सांगते. शेजारच्यांना वाटतं बापलेकीचं रोज भांडण होतं. आबा भिंतीकडे तोंड करतात. हळूहळू खांदे सैल पडतात. मध्येच मी आवाज खाली आणला तर ते डोळे उघडतात, लाईट गेल्यासारखे.

काल सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. खाली पोरं पतंगाची कन्नी बांधत होती, खोलीत ऊन आलं होतं. मी खो म्हणत बसले, एकामागून एक, पहिल्या डावातल्यासारखे, छाती भरून. आबा झोपले. मी उठून दाराच्या कडीला त्यांचा गमछा बांधला, परत येऊन बसले, आणि बोलत राहिले.